चाचणीपुरते मेल

वहिनीला पुस्तकं बांधायची कला वडिलांकडून मिळाली. ते गेल्यावर त्यांचं पुस्तकं दाबायचं लोखंडी यंत्र तिने भाड्याच्या एका खोलीत आणून ठेवलं आणि वर्ग काढायचं ठरवलं. नवरा म्हणाला, लोक पुस्तकं वाचत नाहीत, बांधायला कोण शिकणार? वहिनीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

वेबसाइट धाकट्या दिराने करायची, हा सासूबाईंचा हुकूम. घरात इंजिनिअर असताना परक्याचे पाय कशाला धरायचे? दीर हुशार, यात वाद नाही. फक्त ते त्याचं त्यालाच जरा जास्त माहीत. नाव नोंदवणाऱ्याला आपोआप मेल जाणार, त्यातली लिंक दाबली की जागा पक्की, अशी त्याची योजना. मेल पाठवायचं काम क्लाउडवरच्या एका सेवेला दिलेलं. त्याने स्वतःचं नाव नोंदवून पाहिलं, मेल आला. वहिनीचं नोंदवलं, तिलाही आला. आता फक्त जागा मोजत बसा, म्हणाला.

मोजायला काही आलंच नाही. पानावर फक्त पक्क्या जागांचा आकडा दिसायचा; वहिनी रोज ते उघडायची आणि शून्य बघून मिटायची. तिने दिराला विचारलं की तो स्वतःला एक मेल पाठवायचा आणि वाजलेला फोन तिच्यापुढे धरायचा.

"यंत्रणा ठणठणीत आहे, वहिनी. लोकच नाहीत."

हे वाक्य तिच्या मनात घर करून बसलं. नवरा 'मी म्हटलं होतं' असं म्हणाला नाही, पण न म्हणण्याची त्याची एक तऱ्हा होती, ती जास्त बोचायची. शेवटी तिने खोली सोडली. यंत्र घराच्या जिन्यात मावेना, म्हणून भंगारवाल्याला बोलावलं. त्याने हातोड्याने त्याचे तुकडे केले, तेव्हा वहिनी रस्त्याकडे तोंड करून उभी होती.

पुढे एकदा औषधाच्या दुकानात एका ग्रंथपालबाईंनी तिला ओळखलं आणि तिथेच सुनावलं. त्यांनी, त्यांच्या बहिणीने, ग्रंथालयातल्या सगळ्याजणींनी नावं नोंदवली होती. "नको होतो तर तसं कळवायचं तरी. साधं उत्तर नाही."

वहिनी तडक घरी आली. दीर आधी तडकला, मग लॅपटॉप उघडून बसला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सेवेकडचं त्याचं खातं अजून चाचणीपुरतंच होतं. अशा खात्यातून फक्त आधी पडताळून घेतलेल्या पत्त्यांवर मेल जातो, आणि त्याने पत्ते पडताळले होते दोन, स्वतःचा आणि वहिनीचा. बाकी प्रत्येक मेलला सेवा नकार देत होती, कारणही सांगत होती. दिराचा प्रोग्राम ते कारण गिळून 'मेल पाठवला' अशी नोंद करत होता.

चूक सापडल्याचा त्याला इतका आनंद झाला, की नोकरी लागली तेव्हाही तेवढा झाला नसेल. त्याने चाचणीची अट काढून घ्यायचा अर्ज केला, तो मंजूर होताच अडकलेले सगळे मेल कोणाला न विचारता सोडून दिले. वहिनीचा फोन वाजू लागला. जागा पक्की, जागा पक्की, थांबेचना. ज्यांना इतके दिवस तिने मनातल्या मनात बोल लावला, ती माणसं खरोखरच यायला तयार बसली होती. तिला रडू आवरेना.

"वहिनी, वर्ग फुल्ल!" दीर ओरडत आला. घरचा माणूस तो घरचा माणूस, असं सासूबाई म्हणाल्या.

खोलीत आता टायरवाला बसतो, याची तिने आठवण करून दिली. दीर म्हणाला, मग वर्ग रद्द झाल्याचा मेल टाकू, मजकूर तेवढा सांगा. वहिनीने सांगितला. त्याने पाठवला आणि पडद्याकडे बघत राहिला.

"एकही परत आला नाही. सगळ्यांना पोचला बघा."

"पोचणारच," वहिनी म्हणाली. "भाऊजी, तुम्ही मला लोकच नाहीत म्हणालात. मी वडिलांचं यंत्र मोडायला दिलं. तेव्हा एक मेल परक्या माणसाला पाठवून बघितला असता, तर तुमचं काय गेलं असतं?"

दिराने लॅपटॉप मिटला. नवरा खिडकीतून रस्त्याकडे बघत होता. आतून सासूबाई म्हणाल्या, एवढं राबला तो तुझ्यासाठी, असं बोलू नये.