ओर्व्हिलच्या रेडिओची खरखर

वेस्टर्बी गावच्या वाऱ्याबद्दल ओर्व्हिल ट्वेटची पूर्वी काही तक्रार नव्हती. वारा फुकट होता आणि श्रीमंत-गरीब न बघता सगळ्यांच्या डोळ्यांत सारखीच धूळ घालायचा. पण शेजारच्या नेस्टर ह्नाट्युकने एका कंपनीला आपल्या शेतात वाऱ्यावर वीज तयार करणारे दोन उंच पंखे उभारू दिले, त्याला त्याचं भाडं मिळू लागलं, आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात ओर्व्हिलच्या पिकअपमधला रेडिओ खरखरायला लागला. एवढ्यावरून काय समजायचं ते ओर्व्हिल समजला आणि त्याने नेस्टरशी बोलणं टाकलं.

रेडिओपायी कुणी जन्माची दोस्ती तोडतं का, असं विचारणाऱ्या माणसाने कॅनडातल्या सस्कॅचेवानात हिवाळा काढलेला नसतो. बॅजर्स संघाचा हॉकीचा सामना असला की हे दोघं ओर्व्हिलच्या पिकअपमध्ये बसून तो ऐकायचे. हीटर चालू, मधल्या जागेत कॉफी, आणि समालोचकाच्या वरताण दोघांची बडबड. रेडिओ घरातही होता, पण घरात ओर्व्हिलची बायको लोर्नाही होती, आणि पंचाच्या आईबापांचा उद्धार करायला घर ही जागा नव्हे असं तिचं ठाम मत होतं. नेस्टरची बायको वारली त्या हिवाळ्यात तर त्याने एक सामना चुकवला नाही. तिच्याविषयी दोघं एक शब्द बोलले नाहीत. त्या गावात सांत्वन असंच करतात.

आता ओर्व्हिल पिकअपमध्ये एकटाच बसायचा आणि खरखर ऐकायचा.

पण खरखरीने त्याला एक गोष्ट दिली होती. कोऑपच्या सहकारी दुकानात रोज सकाळी म्हाताऱ्या शेतकऱ्यांची कॉफीची बैठक भरते. पाऊस, गव्हाचा भाव, पंतप्रधान, सगळ्यांचा निकाल तिथे लागतो. इतकी वर्षं ओर्व्हिल तिथे टेबलाच्या टोकाला बसायचा आणि तो बोलायला लागला की लोक साखर मागायचे. रेडिओचं प्रकरण काढल्यापासून मात्र त्याच्यासाठी मधली खुर्ची सुटायला लागली. कारण प्रत्येकाला आपापलं काहीतरी आठवलं. वर्ना क्लासेनच्या कोंबड्या अंडी देईनाशा झाल्या होत्या. डेलबर्टचा गुडघा पंखे यायच्या आधी वीस वर्षं दुखत होता, पण तेव्हा त्याला कारण ठाऊक नव्हतं. बघता बघता पंखे हटाव समिती उभी राहिली आणि ओर्व्हिल तिचा अध्यक्ष झाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो कशाचा तरी अध्यक्ष होता.

यंदाच्या वसंतात नेस्टरच्या शेतात आणखी तीन पंखे यायचे होते. ते हाणून पाडायला समितीने शनिवारी दुपारी कर्लिंग या बर्फावरच्या खेळाच्या हॉलमध्ये सभा ठेवली. सभेच्या आधी ओर्व्हिलने कंपनीला फोन लावून चांगलं झापलं. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

"सर, अँटेनाचं अर्थिंग तपासलंत का?"

"बाई, तुम्ही जन्मायच्या आधीपासून मी गाड्या दुरुस्त करतोय!"

"हो सर. पण तपासलंत का?"

ओर्व्हिलने फोन आपटला. मग त्याला वाटलं, तपासतोच. मीटरचा आकडा सगळ्या सभेला दाखवतो आणि हिचं तोंड एकदाचं बंद करतो.

शनिवारी सकाळी शेडमध्ये त्याने पिकअपच्या पुढच्या मडगार्डचं आतलं झाकण उघडलं. ही पिकअप म्हणजे त्याचा अभिमान होता. रस्त्यावरच्या मिठाने इथल्या गाड्या चाळण होतात, आणि ओर्व्हिलच्या गाडीला गंजाचा ठिपका नव्हता. दर शरद ऋतूत तो तिच्या पोटाला डांबरासारखा काळा रंग फासायचा, एक हात देऊन झाला की आणखी एक. कुणी गाडीजवळ नुसतं थांबलं तरी तो त्याला वाकून खालून बघायला लावायचा. पाद्रीबाबांनासुद्धा त्याने एकदा बर्फात गुडघे टेकायला लावले होते.

त्याने मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावली आणि दुसरी अँटेनाच्या बुडाला. अर्थिंग ठीक असेल तर मीटरचा काटा हलून जवळजवळ शून्यावर यायला हवा. मीटर ढिम्म. बॅटरीचा आणि अँटेनाचा एकमेकांशी काही संबंधच नसावा तसा. ओर्व्हिलने मीटरला शिवी दिली आणि सेल बदलले. मीटर तरीही ढिम्म.

मग त्याने टॉर्च मारला. अँटेनाच्या वॉशरने मडगार्डच्या पत्र्याला घट्ट चिकटून बसायचं असतं. तो बसला होता काळ्या रंगाच्या जाड थरावर. त्याला सगळं आठवलं. पंखे उभे राहिले त्याच उन्हाळ्यात शेडच्या दारात अडकून जुनी अँटेना मोडली होती. नवी त्याने स्वतःच बसवली होती, आणि बसवण्याआधी, गंज नको म्हणून, खालून रंगाचे दोन हात दिले होते. प्रेमाने.

त्याने नट सैल केला, पत्रा चकचकेपर्यंत पॉलिशपेपरने घासला, वर थोडं ग्रीस लावलं आणि नट आवळला. रेडिओ लावला. एक बाई शेजारी बसून बोलावी इतक्या स्वच्छ आवाजात डुकराच्या खाद्याची जाहिरात करत होती. शेडच्या उघड्या दारातून नेस्टरचे दोन्ही पंखे दिसत होते, दोन्ही भरधाव फिरत होते. ओर्व्हिलला इतकी लाज वाटली की त्याने रेडिओ बंद केला.

लोर्ना त्याला जेवायला बोलवायला आली होती. तिने तो साफ रेडिओ ऐकला होता.

"आता नेस्टरकडे जाशील ना?"

"सभा होऊ दे."

"सभेत सांगणार?"

"ते बघू. कोंबड्यांचाही प्रश्न आहे."

"ओर्व्हिल, वर्नाच्या कोंबड्या म्हाताऱ्या झाल्यात," लोर्ना म्हणाली. "तुझ्यासारख्याच."

हॉल खचाखच भरला होता. बटर टार्ट नावाच्या मिठाईच्या ताटांमुळे निम्मी गर्दी, पण ती गर्दीच होती, आणि ओर्व्हिल आत शिरताच लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या त्याला गोड लागल्या, खोटं कशाला बोला. तो व्यासपीठावर चढून घसा खाकरतोय तोच मागच्या रांगेतून नेस्टर उभा राहिला. तो येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. त्याने टोपी काढून हातात धरली होती.

"मी फार बोलणारा माणूस नाही," तो म्हणाला. "सोमवारी कंपनीचा माणूस नव्या पंख्यांसाठी सही घ्यायला येणार आहे. मी सही देणार नाही. ओर्व्हिलच्या रेडिओला त्रास होतो ना? मग नको मला ते. बस्, एवढंच."

हॉल दणाणला. डेलबर्टने व्यासपीठावर येऊन ओर्व्हिलच्या पाठीत असा गुद्दा घातला की त्याचा चष्मा घसरला. ओर्व्हिलच्या लक्षात आलं, नुसतं गप्प बसायचा अवकाश, सगळंच मिळत होतं. अध्यक्षपद, साफ रेडिओ आणि वर नेस्टरही परत. फक्त नेस्टरचं म्हातारपण त्या नव्या भाड्यावर चालायचं होतं. दोन्ही पोरं कॅल्गरीला, आणि गाई विकून झालेल्या.

खाली बसताना नेस्टरने त्याच्याकडे पाहिलं. आता तरी झालं ना, असं विचारल्यासारखं. ओर्व्हिलला ते सहन झालं नाही.

"माझ्या रेडिओला पंख्यांनी काही झालेलं नव्हतं," तो म्हणाला. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा निघाला. "अँटेनाला अर्थिंग नव्हतं. मीच खालून रंग फासला होता. आज सकाळी खरवडला. पंखे फिरतायत आणि रेडिओ ठणठणीत आहे. नेस्टर, सही कर."

हॉलमध्ये कुणी टार्ट चावत होतं तेही थांबलं.

"हे बघ ओर्व्हिल," शेवटी वर्ना समजुतीने म्हणाली, "तो तुझा घरगुती रंगाचा प्रश्न झाला. माझ्या कोंबड्यांना मी रंग फासलेला नाही."

"आणि माझ्या गुडघ्याला?" डेलबर्ट ओरडला.

"ह्याला कंपनीने फोडला!" मागून कुणीतरी म्हणालं. बाकी काही व्हायला वेळ लागला नाही. हात वर झाले, ओर्व्हिल अध्यक्षपदावरून उतरला, वर्ना चढली, आणि टाळ्या मघाइतक्याच जोरात वाजल्या.

तो बाहेर आला तेव्हा अंधारून आलं होतं. त्याने पिकअप चालू केली, हीटर लावला. बॅजर्सचा सामना नुकताच सुरू झाला होता. पलीकडचं दार उघडलं, आणि नेस्टर बुटांवरचा बर्फ झटकून आत येऊन बसला.

"साफ येतोय," नेस्टर म्हणाला.

"हो."

"माझ्या गाडीतही साफच येतो. पंख्याच्या बुडाशी गाडी लावून ऐकतो मी. कुठे खरखर नाही. पहिल्या दिवसापासून."

ओर्व्हिल वळून त्याच्याकडे बघत राहिला. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"होतं की."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"कुणाला बोलू? तू फोन उचलत नव्हतास."

"आणि आत ते सहीचं बोललास... ते उगाच?"

"उगाच कशाला? नसतीच केली सही," नेस्टर म्हणाला. "मला एकट्याला ऐकायचा कंटाळा आला होता."

ओर्व्हिलने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोरच्या काचेतून बघत राहिला. तेवढ्यात बॅजर्सनी गोल केला. समालोचक बेंबीच्या देठापासून ओरडत होता, त्याचा शब्द न् शब्द ऐकू येत होता, आणि एरवी त्याच्या वरताण ओरडणारे ते दोघं आज शेजारी बसून नुसते ऐकत होते.