सपाट कपाळाचा नर

डिचोलीत एंजल मासे पाळणाऱ्या कुणालाही नर-मादीची शंका आली की तो बाबुरावांकडे येई. खाणीचा ट्रक तीस वर्षं हाकलेले बाबुराव लांबून नुसतं बोनेट बघून गाडी कुणाची ते सांगायचे, आणि माशांनाही त्यांनी तोच नियम लावला होता. कपाळ उंच तो नर, सपाट ती मादी. त्यांच्या सुनेला, संजनाला, हे कधी पटलं नव्हतं. पण सासऱ्यांच्या माशांत तोंड कोण घालणार?

रविवारी मोपाहून श्रीनाथ, बाबुरावांचे जुने सोबती, जोडी न्यायला येणार होते. पिल्लं वाढवणारी पक्की जोडी देतो, असा बाबुरावांचा शब्द होता, आणि दिलेला शब्द त्यांनी आजवर खाली पडू दिला नव्हता. जोडी दिसायलाही झकास. दोघं मिळून अंडी घालायला टाकीत ठेवलेलं कौल तोंडाने घासून साफ करत, अंड्यांना परांनी वारा घालत, जवळ आलेल्या गोगलगायीवरसुद्धा धावून जात. फक्त अंडी दर खेपेला पांढरी पडून वाया जात. दोष बाबुराव विहिरीच्या पाण्याला देत.

शुक्रवारी दुपारी मासे पुन्हा कौलाभोवती घुटमळू लागले. संजना तांदूळ निवडायचे सोडून काचेला नाक लावून बसली. अंडी घालायच्या वेळी एंजलच्या पोटाखाली बारीक नळी बाहेर येते, नराची निमुळती, मादीची जाड नि बोथट. इथे दोन्ही नळ्या जाड होत्या. कौलावरून फिरत दोघंही आळीपाळीने अंडी चिकटवत होती. बोलावं तर सासऱ्यांचा मान जातो, गप्प राहावं तर त्यांचा शब्द.

चहा देताना तिने सांगून टाकलं. "बाबा, ही जोडी नाय. ह्यो दोनय माद्यो आसत."

बाबुरावांनी अर्धा चहा तसाच ठेवला. चष्मा पुसून आपल्या वेताच्या खुर्चीत दिवेलागणीपर्यंत टाकीसमोर बसून राहिले.

रविवारी श्रीनाथ आले, मासे बघून खूश झाले. बाबुराव गप्प राहिले असते तर वर्षभर कुणाला पत्ता लागला नसता. संजना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"ही जोडी नाय रे," बाबुराव म्हणाले. "दोनय माद्यो. माका कळला नाय, माझ्या सुनेन वळखल्यान."

मग खरी जोडी कधी मिळणार, असं श्रीनाथांनी विचारलं.

"ता माका इचारू नको. संजना सांगात तेव्हा."

त्यांनी वेताची खुर्ची टाकीसमोर ओढली आणि सुनेला बसायला सांगितलं. त्या खुर्चीत घरातलं दुसरं कुणी कधी बसलं नव्हतं. संजना बसली, चांगली ताठ बसली. शेजारच्या टाकीत कोपरा राखून असलेल्या एका बारक्या, सपाट कपाळाच्या माशाकडे तिने बोट दाखवलं.

"हो नर. हेची नळी निमुळती आसा. हेका ह्यांतल्या एकीवांगडा एकाच टाकीत सोडून बघूया."

बाबुराव चष्मा सावरत तिच्या खुर्चीमागे वाकून बघू लागले.