आतला खिसा

पडद्यावरच्या आलेखातल्या दोन्ही रेघा सारख्याच वर चालल्या होत्या आणि माझं डोकं फिरायची पाळी आली होती.

सांगते. संस्थेच्या शिवणवर्गाला जागांच्या दुप्पट अर्ज आले, म्हणून आमच्या सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. जिची चिठ्ठी निघाली ती शिकली, जिची नाही ती घरी गेली. वर्षभराने दोन्ही गटांच्या कमाईत जो फरक दिसेल, तो वर्गाचा गुण. वाटणी नशिबाने केली की हुशार-आळशी, गरजू-हौशी अशी भेसळ राहत नाही. माझा प्रबंध यावरच होता. वर्ग ठेवायचा की बंद करायचा, हे संस्थेची समितीही यावरूनच ठरवणार होती. आणि वर्ग शिकवायची माझी सख्खी ताई.

फरक आला शून्य. वय घालून पाहिलं, मुलंबाळं घालून पाहिलं, घरापासूनचं अंतर घालून पाहिलं. शून्य म्हणजे शून्य! शिकलेल्यांची कमाई वाढली होती आणि न शिकलेल्यांचीही वाढली होती.

"बाजार सुधारला असेल," मी सरांना म्हटलं.

"मग शहरातल्या बाकीच्या बायकांचा का नाही सुधारला? त्या पडद्यात डोळे फोडू नकोस. जा, कुणाला तरी भेट. उद्या दुपारी समिती बसतेय."

माझ्या पायाला भिंगरीच लागली. वही घ्यायला घरी शिरले, तर ताई टेबलावर कापड पसरून बसलेली.

"काय गं आकडेशास्त्री, जेवणार आहेस की आकडेच खाणार?"

"चिठ्ठी न निघालेल्या एकीकडे चाललेय."

तिची कात्री थांबली. "फोनवर विचार की. कशाला जिने चढतेस?"

मी ऐकलं नाही. मी कधीच ऐकत नाही.

ती बाई दवाखान्यात फरशी पुसायची. खोली एवढीशी, खिडकीपाशी शिलाई मशीन, आणि दाराच्या खिळ्याला तयार फ्रॉक टांगलेले.

"शिवायला कुठे शिकलात?"

"असंच. बघून बघून."

मी एक फ्रॉक हातात घेऊन उलटा केला. कमरेला डाव्या बाजूला आतून एक खिसा होता, तिरप्या तोंडाचा, एका बटणाचा. लहानपणापासून माझ्या प्रत्येक फ्रॉकला हाच खिसा. ताई म्हणायची, बाईच्या अंगावर एक जागा तरी अशी हवी, जिथे दुसऱ्याचा हात पोचत नाही.

"हा तर आमच्या ताईचा खिसा!" मी म्हटलं. बाईचं तोंड पडलं. "ताईंचं नाव नका हो घेऊ. रविवारी वर्गाच्या मागच्या दाराने जायचो आम्ही सगळ्या, चिठ्ठी न निघालेल्या."

घरी मी आदळआपट करतच आले. "माझ्या वर्षाची माती केलीस! बाहेरच्या कुणाला शिकवणार नाही म्हणून सही केली होतीस ना?"

"केली होती." ताईने कापडाची घडी घातली. "पण त्या दारात उभ्या होत्या गं. चिठ्ठी निघाली नाही म्हणून तोंडावर दार लावू? तू लाव. मला नाही जमत."

"आता गप्प बसले तर वर्ग बिनकामाचा ठरून बंद पडणार. बोलले तर वर्ग राहील, पण तू जाशील. कळतंय का तुला?"

तिने घडी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "उद्या तू सगळ्यांसमोर माझा वर्ग बिनकामाचा म्हणणार होतीस?"

"मी नाही, आकडे."

"मग आकड्यांना खरं सांग जाऊन. दोन वेळचं काय, कुठेही शिवून मिळेल मला."

मला रडू आलं आणि रागही आला, कुणाचा ते कळेना.

समितीपुढे मी दोन्ही रेघा दाखवल्या. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "थोडक्यात, उपयोग नाही."

"उपयोग दोन्हीकडे झालाय," मी कसंबसं म्हटलं. "ज्यांना शिकवायचं नव्हतं, त्यांनाही कुणीतरी शिकवलंय."

"कुणी?"

मी मागे पाहिलं. वर्गाची शिक्षिका म्हणून बोलावलेली ताई आधीच उभी राहिली होती. "मी. दर रविवारी."

वर्ग राहिला. ताईला त्याच बैठकीत काढून टाकलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, या गोंधळावरून काहीच सिद्ध होत नाही, एक वर्ष पुन्हा करा, नव्या शिक्षिकेवर आणि नव्या चिठ्ठ्यांवर. या वेळी गफलत झाली तर वर्ग बंद. आणि दारावर लक्ष कुणी ठेवायचं? मी.

चिठ्ठ्या निघाल्या त्या सकाळी उरलेल्या बायका बाहेर उभ्याच राहिल्या. एकीने विचारलं, "मग आमचं काय?"

मी दार लावलं. जमलं मला, आणि त्याचीच जास्त चीड आली. कडी घातल्यावरही पलीकडून त्यांच्या चपला हललेल्या ऐकू येईनात.

घरी ताई टेबलापाशी होती. "बऱ्याच जणी राहिल्या का गं बाहेर?"

"हो."

"रविवारी मी मोकळीच असते आता. संस्थेची कुठे नोकर आहे मी?"

"नाही, ताई." माझा आवाज चढला. "एकीलाही नाही. वर्षभर नाही. पुन्हा शून्य आलं तर वर्गच राहणार नाही!"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग कात्री उचलली आणि कापायला लागली. मी हातपाय धुतले, स्वयंपाकघरात जाऊन आले, खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले, पुन्हा उठले. जेवणार का, असं तिने मला विचारलं नाही.