चिमूटभर कच्चा खिमा

मी एक जुने खिमा मशीन आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. मी ओतीव लोखंडाचे आहे, माझा दांडा लाकडी आहे आणि खाटकाच्या दुकानातल्या दगडी टेबलाला मला स्क्रूने घट्ट आवळले आहे. नवे होते तेव्हा मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, "माझे दात पडतील, याचे नाही!" पुढे विजेचे मशीन आले आणि मी फक्त घरच्या खिम्यापुरते उरले. वाईट वाटले, पण घरातली माणसे जवळून पाहता आली.

या घराची एक रीत होती. खिम्यात मीठमसाला कालवला की मालकीणबाई चिमूटभर कच्चाच जिभेवर ठेवून चव बघायच्या. लेकीलाही त्यांनी लहानपणापासून तेच शिकवले. "न चाखता खिमा दिला तर नाक कापलं जाईल आपलं," त्या म्हणायच्या. मालकही जाता-येता बोट बुडवायचे. मला या चिमटीचा भारी अभिमान होता.

यंदा लेकीला दिवस गेले. डॉक्टरबाईंच्या तपासणीत तिच्या रक्तात टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्म परजीवीची खूण सापडली. तो मांजरांच्या विष्ठेतून पसरतो, असे शेजारणीने सांगितले मात्र, मालकीणबाईंनी दुकानातली मांजर मानगुटीला धरून उचलली.

"हिला आजच्या आज पोत्यात घालून लांब सोडून या! माझ्या नातवंडाच्या जिवावर उठलीय!"

इथेच राहणारा जावई आडवा आला. तो मांसाला शिवतही नसे, पण मांजरीची घाण रोज तोच काढायचा.

"आई, आधी डॉक्टरबाईंना विचारू."

"विचारा की! आणि तुमचंही रक्त तपासा. सारखी मांडीवर घेऊन बसता, तुमच्यात तर खच्चून भरलं असेल!"

मग सगळ्यांनीच रक्त दिले. निकाल आल्यावर डॉक्टरबाई स्वतः दुकानात आल्या.

"लेकीची लागण फार जुनी आहे, दिवस जायच्या कितीतरी आधीची. बाळाची काळजी नको," त्या म्हणाल्या. "जावयांना काहीच नाही. पण मालक, तुम्हाला आणि बाईंना ती होऊन गेलीय."

मालकीणबाईंनी निकालाचा कागद ओढून घेतला. "मला? अहो, साधा तापसुद्धा आला नाही कधी!"

"बहुतेकांना कळतच नाही. जगात साधारण तीन माणसांत एकाला ही लागण झालेली असते. काही देशांत शंभरातल्या दहांनाही नसते, तर काही ठिकाणी निम्म्याहून जास्त लोकांना. हवामान, माती, पाणी, मांजरं, खाण्याच्या सवयी, सगळ्यावर ते अवलंबून असतं. तुमच्यात कच्चं मांस कोण खातं?"

मालकांनी हळूच बोट पाठीमागे लपवले. मित्रांनो, मी टेबलाला आवळलेले, तरी माझ्या पायाखालची जमीन सरकली. तिघांत एक! रोज समोर रांगेत उभी राहणारी ही हसरी, धडधाकट माणसे, त्यांच्यातही? आणि आमची ती कौतुकाची चिमूट?

"म्हणजे मांजरीनं काही केलं नाही?" लेकीने विचारले.

"कुणाला कशातून झालं ते आता सांगता यायचं नाही. पण तिला कच्चे तुकडे घालता ना? मग तिलाच तुमच्यापासून धोका आहे."

मालकीणबाईंचा चेहरा पार उतरला. त्या दिवशी त्यांनी मांस शिजवले, गार केले, हाडे काढली आणि मांजरीपुढे ठेवले. "खा बाई," एवढेच म्हणाल्या. आता चवीची चिमूटही आधी तव्यावर भाजली जाते, आणि मला रोज गरम पाण्याने, साबणाने आंघोळ असते.

मित्रांनो, मांस नीट शिजवा, भाज्या धुवा, माती लागलेले हात धुवा. आणि कुणाला पोत्यात घालायची घाई झाली, तर आधी आपले बोट कुठे बुडाले होते ते आठवा.