मण्यांची श्रद्धा कमी पडली

"काका, हे मेण पुसून टाकलं, तरी चमत्कार होईल का?"

हा प्रश्न भर गर्दीत विचारून दाखव, नाहीतर वर्षभर आमची दप्तरं उचल, अशी मैत्रिणींची पैज होती. मी विचारला. बाबांच्या गॅरेजसमोरची माणसं माझ्याकडे अशी वळली, जणू ऑपरेशन चालू असताना मी शिंकले होते.

समोर पांढरा डगला घातलेला, गाड्या चकाकवायचं मेण विकणारा मेणविक्या उभा होता. मी त्याला चकाकीमहाराज म्हणते. उन्हातल्या अतिनील किरणांनी गाडीचा रंग उडतो, एवढं त्याचं खरं होतं. पुढचं सगळं दिव्य. टेबलावर उन्हात काचेचे दोन तुकडे, खाली हे किरण लागले की जांभळे होणारे पांढरे मणी. कोऱ्या काचेखालचे मणी बघता बघता जांभळे झाले. मेण फासलेल्या काचेखालचे पांढरेच राहिले.

"किरण या मेणाला शरण येतात," महाराज डोळे मिटून म्हणाले. टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठी टाळी बाबांची.

तिथेच माझी पंचाईत होती. बाबा गाड्या रंगवतात. हे मेण लावून 'रंग कधीच उडणार नाही' अशी हमी ते स्वतःच्या नावाने देणार होते. पाटीसुद्धा तयार होती. रंग उडाल्यावर लोक महाराजांना शोधत हिंडणार नव्हते, थेट बाबांची गचांडी धरणार होते.

महाराज गोड हसले. विज्ञान मोठ्यांचा विषय आहे, म्हणाले.

"मग पोरीला मोठी होऊ द्या की," आई म्हणाली. ती सीटकव्हरं शिवते. टाका नेमका घालते. तिने फडकं माझ्या हातात दिलं.

मी मणी फडक्याने झाकले, काचेवरचं मेण साबणाने धुतलं, काच परत ठेवली आणि फडकं काढलं. मणी पांढरेच. मेणाचा अंश काचेत मुरलाय, असं महाराजांनी जाहीर केलं. मग मी कोऱ्या काचेखालचे जांभळे मणी फडक्याखाली झाकून पांढरे होऊ दिले, त्यांच्या काचेवर मेण चांगलं चोपडलं आणि फडकं काढलं. मणी जांभळे.

"मण्यांची श्रद्धा कमी पडली असेल," मी म्हणाले.

मग चमत्कारी काचेची कड बाबांसमोर धरली. ती एक काच नव्हतीच: चिकटवलेल्या दोन काचा, मधे प्लास्टिकचा पातळ थर. किरण अडवत होता तो हाच. दुसरी काच खिडकीची, साधी.

बाबांचा चेहरा उतरला. "ही तर गाडीची पुढची काच. रोज हिच्यावर कागद चिकटवून गाडी रंगवतो मी. आज नुसती चकाकीच बघत बसलो."

महाराजांनी सामान आवरलं. तोंडावरची चकाकी कुणाला पुसावी लागली नाही.

चमत्काराला टाळी जरूर वाजवा. त्याआधी एवढंच विचारा: ज्याच्यामुळे तो झाला म्हणतात, ते काढून घेतलं तर काय होतं?

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "म्हणजे सगळीच मेणं खोटी?"

"माहीत नाही. म्हणून मी ठरवलंय. भंगारातलं लाल बॉनेट आजपासून माझं. त्यावर पट्ट्या पाडून प्रत्येकीवर वेगळं मेण लावणार. एक पट्टी कोरी, एक झाकलेली. उन्हाळाभर गच्चीवर ठेवणार. आणि बाबा, तोवर तुमची पाटी भिंतीकडे तोंड करून उभी राहील."