कुंपणावरची पोपटी साडी

मित्रांनो, मी एक जुनी साडी आहे. पण मी ट्रंकेत घडी होऊन पडलेली नाही, की दोरीवर वाळत घातलेली नाही. मी बांबूच्या कुंपणाला बांधलेली आहे. माझ्या चारही टोकांना गाठी आहेत आणि त्या मला स्वतःला सोडवता येत नाहीत. वारा आला की मी फुगते, वारा गेला की पुन्हा बांबूला चिकटते. एवढाच माझा फिरण्याचा मुलूख. एके काळी माझा रंग पोपटी होता आणि काठ पिवळेधमक होते. आता पाहाल तर ओळखणार नाही.

माझा जन्म कुठल्याशा यंत्रमागावर झाला. ते गाव मला आठवत नाही, पण मूल गावच्या बाजारातले दुकान चांगले आठवते. धानाची रोवणी आटोपली होती आणि मनकर्णाबाई आपल्या मजुरीतून स्वतःसाठी साडी घ्यायला आली होती. तिने मला हातात घेतले, दुकानाबाहेर उन्हात नेऊन पाहिले आणि रंग जाईल का म्हणून विचारले. दुकानदार म्हणाला, साडी फाटेल पण रंग जाणार नाही. झाले नेमके उलटे. रंग गेला, मी मात्र अजून फाटलेली नाही.

तिच्या अंगावर मी खूप हिंडले. लग्ने पाहिली, बारशी पाहिली, एसटीच्या गर्दीत चुरगळले. विहारातल्या कार्यक्रमाला मात्र ती पांढरी साडी नेसायची, आणि त्या दिवशी मला उगीचच राग यायचा. नव्याचे नऊ दिवस संपले तशी मी रोजच्या वापरात आले, मग वावरात आले. गुडघ्याजवळ मला ठिगळ लागले. मला वाटले, आता आपले पोतेरे होणार.

पण मनकर्णाबाईच्या घरात काही फुकट जात नाही. तिचे घर मोहर्लीच्या वाटेवरच्या एका लहान गावात, अगदी शेवटचे. घरामागे तिची बाडी आहे, म्हणजे भाजीपाल्याचा परसच. फुटक्या माठात तिचा सांबार उगवतो, ज्याला तुम्ही कोथिंबीर म्हणता. भांडी विसळलेले पाणी भेंडीला जाते. चुलीतली राख वांग्यांच्या पानांवर पडते आणि किडे पळतात. दोडक्याचे बी ती विकत घेत नाही, वेलावरचा एक दोडका तसाच वाळू देते. फाल्गुन लागला की बाडी भाजून काढणारे ऊन पडते, आणि तेव्हाच तिची भेंडी, चवळी अन् रताळी ऐन भरात असतात.

या रताळ्यांपायीच माझे नशीब फिरले. जंगल इथून हाकेच्या अंतरावर आहे. रानडुकरे येतात आणि वाफेच्या वाफे उकरून जातात. रंगीत साड्या हलताना दिसल्या की त्यांना वाटते माणसे उभी आहेत. म्हणून मनकर्णाबाईने घरातले सगळे जुनेपाने गोळा केले आणि कुंपणाला बांधले. माझ्या एका बाजूला मच्छरदाणीचा तुकडा आहे, दुसऱ्या बाजूला एक लाल साडी आहे. ती लाल साडी सुनेच्या माहेरून आलेली. तिचा तोरा अजून गेलेला नाही.

मित्रांनो, बांधलेले असणे म्हणजे काय, हे ज्याला कुणी बांधलेले नाही त्याला कळणार नाही. रस्त्याने बायका नव्या साड्या नेसून मोटारसायकलवर मागे बसून जातात. मी पाहते. पाहुणे जंगल बघायला उघड्या जिप्सीतून जातात, त्यांच्या ओढण्या उडतात. मी पाहते. पाऊस आला तरी मी तिथेच, ऊन आले तरी तिथेच. बोकड येऊन माझा पदर चावतो, तेव्हा मला अंग चोरताही येत नाही. कधी कधी वाटे, आपण राखण करतो आहोत की कैद भोगतो आहोत.

पण वर्षातून एकदा माझी सुटका होत असे. मोह फुलला की बायका पहाटे फुले वेचायला जातात. खाली वाकून वेचणाऱ्या बाईला वाघ जनावर समजतो, हे इकडे लहान पोरालाही माहीत आहे. म्हणून मनकर्णाबाई वाकतच नाही. ती मला आणि लाल साडीला सोडते, आपल्या मोहाखाली आम्हाला पसरते आणि उभी राहून चौफेर पाहत असते. फुले टपटप माझ्यावर पडतात. मग चार टोके उचलली की झाली मोटली. माती नाही, कचरा नाही, फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळायला नको. दिवसभर फुले अंगणात वाळतात. संध्याकाळी ती माझा चिकटपणा धुऊन काढते आणि ओलीच पुन्हा कुंपणाला बांधते. त्या दिवसांत मी रोज पहाटे तिच्या हाताची वाट पाहत असे. आधी खालची गाठ सुटायची, मग वरची. तिची बोटे गाठीत शिरली की मला माहेरी निघाल्यासारखे वाटायचे.

यंदा मात्र डुकरे शहाणी झाली. त्यांना कळले की ही माणसे नुसतीच हलतात, ओरडत नाहीत. त्यांनी मला नाकाने वर उचलले आणि आत शिरून रताळ्यांचे दोन वाफे उलथून टाकले. मला फार लाज वाटली. त्या दिवसापासून मनकर्णाबाई रात्र रात्र खाटेवर बसून तेलाचा रिकामा डबा वाजवू लागली. तिची झोप उडाली, डोळे खोल गेले.

तिचा मुलगा विक्की जंगलात पाहुण्यांना नेणारी जिप्सी चालवतो. मुलगा वाईट नाही, आईवर जीव आहे त्याचा. शेजारच्या लहानूभाऊने त्याच्या कानात भरवले की कुंपणाला तार लावून तिच्यात करंट सोड, डुक्कर पुन्हा तोंड दाखवणार नाही. विक्कीने आईला विचारले. ती वाफ्यावर माती ओढत होती. तिने वर न पाहताच सांगितले, "डुकराले लागते तो करंट माणसाले सोडते का? माह्या बाडीत तार नाई पायजे."

विक्की तेव्हा कामावर निघून गेला. मी समजले, विषय संपला.

मोहाच्या दिवसांतल्या एका संध्याकाळी मनकर्णाबाईचा गुडघा दुखत होता. मला बांधताना ती सुनेला, खुशबूला म्हणाली की उद्या मोहाला जाणे काही व्हायचे नाही. ती घरात गेली आणि थोड्या वेळाने विक्की तारेचे वेटोळे घेऊन आला. डुकराच्या नाकाच्या उंचीवर, माझ्या मागून, त्याने तार ओढली. माझ्या खालच्या गाठीवरूनही तिचा एक वेढा घेतला. तारेचे दुसरे टोक स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत गेले. खुशबू दारात उभी होती. आज डबा मी वाजवतो असे सांगून आईला झोपायला लावले आहे, तिला तारेचे सांगू नको, सकाळी ती उठायच्या आधी मी बटन बंद करतो, असे त्याने तिला बजावले. आईला एक रात्र तरी शांत झोप लागावी, एवढाच त्याचा हेतू होता. हे मी खोटे सांगणार नाही.

ती सगळी रात्र मी ओली होते आणि माझ्या पाठीशी तार होती. डुक्कर आले नाही.

पहाटे विक्कीचा फोन वाजला. पाहुणे लवकर आले होते. तो तसाच धावत निघाला आणि मोटारसायकलचा आवाज मोहर्लीच्या वाटेने गेला. बटन त्याच्या लक्षातच राहिले नाही.

मग दार वाजले. मनकर्णाबाई टोपली घेऊन बाहेर आली. रात्रभर झोप झाल्याने तिचा गुडघा बरा होता, आणि मोह काही तिच्यासाठी थांबणार नव्हता. ती सरळ माझ्याकडे आली.

मित्रांनो, जिच्या हाताची मी रोज पहाटे वाट पाहायची, ती येत होती आणि मला ती नको होती. मी मनात म्हणत होते, आज मला सोडवू नको, जन्मभर इथेच राहू दे, पण मागे फिर. वाराही नव्हता. मला साधे हलून दाखवता येईना. तिने टोपली खाली ठेवली, कमरेवर हात देऊन ती वाकली आणि खालच्या गाठीकडे तिने हात पुढे केला.

"आई, थांबा. साडीले हात लावू नोका, तारेत करंट हाय."

खुशबू खिडकीत होती. मोबाईल चार्जिंगला लावायला ती बोर्डाजवळ आली होती आणि बटन चालूच असल्याचे तिला दिसले होते. तिने बटन बंद केले, वायर पिनेसकट उपटली आणि धावत बाहेर आली. नवऱ्याने गप्प राहायला सांगितलेले सगळे तिने सासूला सांगून टाकले. मनकर्णाबाई जिथे होती तिथेच मातीत बसली. तिने सुनेचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्या दिवशी तिने मला सोडले नाही. मोहाची फुले झाडाखालीच पडून राहिली.

दुपारी विक्की आला. वाटेत कुठेतरी त्याला आठवले असणार, कारण गाडी आडवी टाकून तो धावतच अंगणात शिरला. आई खाटेवर बसलेली पाहून त्याने दाराच्या चौकटीला धरले. मनकर्णाबाई त्याच्यावर ओरडली नाही. ती एवढेच म्हणाली, "जा, साडी सोडून आण. मोह पडून हाय."

तो माझ्यापर्यंत आला आणि थांबला. त्याने विचारले, "बटन बंद हाय नं?"

"मी सकाळी सोडाले गेली तवा तुनं मले सांगतलं होतं का?"

आत जाऊन बोर्ड पाहून येणे त्याला सहज शक्य होते. तो गेला नाही. माझ्यासमोर उकिडवा बसला. हात पुढे आला, मागे गेला. पुन्हा आला, पुन्हा मागे गेला. वाघाच्या दहा हातांवर जिप्सी उभी करणारा गडी, पण जुन्या साडीच्या गाठीपुढे त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. शेवटी त्याने डोळे मिटले आणि गाठ धरली.

काही झाले नाही. त्याची बोटे माझ्यावर तशीच राहिली आणि तो रडू लागला. तेव्हा मनकर्णाबाई उठून आली, तिने पदरात गुंडाळून ठेवलेली वायरीची पिन त्याच्यापुढे टाकली. "आता एवढं भेव वाटलं नं तुले," ती म्हणाली, "मले तं भेव वाटाले टाइमबी नसता भेटला, बाबू."

त्याने तार काढली. डुकरे अजूनही येतात. आता कुंपणालगत रताळी नाहीत, मिरची आहे, आणि डबा वाजवायला विक्की अन् खुशबू आळीपाळीने बसतात. थोडी रताळी जातात, थोडी उरतात. मी अजून इथेच बांधलेली आहे.

मित्रांनो, जुन्या साडीचे कुंपण करा, पोतेरे करा, दिव्याच्या वाती करा, माझी काही तक्रार नाही. बांधून ठेवलेत तरी मी सोसेन. पण आमच्या आडोशाला तार लावू नका. गाठ सोडायला येणारा हात घरातलाच असतो, आणि आम्हाला त्याला थांब म्हणता येत नाही.