कात्रीशेठ नोकर कसा झाला

मी एक जुनी सलूनची खुर्ची आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझ्या गादीतला काथ्या भर चौकात उधळा. मी हूं की चूं करणार नाही.

मित्रांनो, माझं लोखंड एका बुडालेल्या जहाजाचं आहे. म्हणून तर इतकी वर्षं दाढीचं पाणी अंगावर सांडलं तरी मी गंजले नाही. माझ्या बुडाशी एक दांडा आहे. तो पायानं दाबला की मी वर जाते, सोडला की फुस्स करून खाली येते. तरुणपणी माझ्यात एवढा जोर होता की एकदा एका पैलवानाला मी थेट छताला नेऊन टेकवलं. दाढी होईस्तोवर त्यानं पंख्याची तिन्ही पाती पुसून दिली. हसा खुशाल. पंखा आजही माझ्या डोक्यावर आहे.

माझा मालक म्हणजे कात्रीशेठ. हात सोन्याचा, जीभ लोण्याची, आणि काळीज... ते मी चाळीस वेळा शोधलं, सापडलं नाही. पण सुरुवातीला मलाही तो आवडायचा. त्यानं माझ्यासाठी एक फळी करून घेतली होती. लहान मूल आलं की ती माझ्या दोन्ही हातांवर आडवी टाकायची आणि मुलाला वर बसवायचं. त्या फळीवर पहिल्यांदा बसली ती त्याचीच लेक. एवढीशी होती, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. ती रडायला लागली तर कात्रीशेठनं मला दहा वेळा वरखाली केलं. ती खुदकन हसली आणि तेवढ्यात त्यानं तिची झुलपं कापली.

मुंगी चार वर्षांची झाली आणि हा घर सोडून गेला. पुलापलीकडच्या बाजारात दुकान थाटलं, मला आणि पंख्याला हातगाडीवर घालून नेलं. मुलीला मात्र मागं ठेवलं. मुंगीची आई लाँड्रीत इस्त्री करते, दिवसभर उभी असते. कोर्टानं मुलीसाठी महिन्याचा खर्च बांधून दिला होता. हा पठ्ठ्या एक दमडी द्यायचा नाही.

तुम्ही म्हणाल, खुर्चीला हे कसं कळलं? अहो, गावातलं सगळं सलूनमध्येच तर येतं. एकदा मुंगीचे मास्तर माझ्यात बसले होते. ते सांगत होते की पोरीला फळ्यावरचं दिसत नाही. पहिल्या बाकावर बसवली, तरी डोळे बारीक करते. शेवटी उठून फळ्याला नाक लावते आणि वर्ग हसतो. हुशार आहे हो, चष्मा घ्या तिला. कात्रीशेठनं मास्तरांच्या कल्ल्यांवर कात्री चालवत म्हटलं, "तिच्या आईला सांगा." आणि विचारलं, "मसाज करू का?"

त्या दिवसापासून मी त्याची वैरीण झाले. माझ्या हाताचं रेक्झिन फाटलं होतं, त्याच्या टोकात मी रोज त्याची बाही अडकवायचे. तो चिडला आणि त्यावर चिकटपट्टी मारली. मला तेल देणंही बंद केलं.

मुंगीच्या आईनं सरकारी वसुली कचेरीत अर्ज दिला. तिथली बाई म्हणजे हळू बोलणारी, पातळ फाईल घेऊन फिरणारी. पण सोडेल तर शपथ. तिनं आधी नोटीस पाठवली. कात्रीशेठनं त्या कागदाला वस्तरा पुसला. मग तिनं त्याचं बँकेतलं खातं गोठवलं. हा हसला, कारण पैसे पावडरच्या डब्यात होते. मग तिनं त्याचं गाडी चालवायचं लायसन अडकवलं. हा गिऱ्हाइकांना सांगायला लागला, चालल्यानं तब्येत सुधारते. आता उरली होती जप्ती. ती येणार याचा वास लागताच तो आपल्या म्हाताऱ्या आईकडे गेला. विजेच्या मीटरचं आहे असं सांगून त्यानं तिची कागदावर सही घेतली आणि अख्खं दुकान तिच्या नावावर केलं.

दोन दिवसांनी वसुलीबाई आली. माझ्या पाठीवर चिकटवायचा जप्तीचा कागद तिनं पिशवीतून काढला. कात्रीशेठ आडवा आला. म्हणाला, "हात लावू नका, मॅडम. खुर्ची आईची. आरसे आईचे, दुकान आईचं. मी इथं साधा नोकर आहे."

बाईनं कागदपत्रं पाहिली. मला वाटलं, आता ही हात हलवत जाणार. पण तिनं कागद पिशवीत ठेवला आणि शांतपणे विचारलं, "नोकर आहे, एवढं लिहून द्याल?"

त्याला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. त्यानं मुलांची फळी माझ्या हातांवर आडवी टाकली, स्वतः माझ्यात बसला आणि त्या फळीवर कागद ठेवून लिहायला लागला. ज्या फळीवर लेक बसली होती, त्याच फळीवर! पगाराची जागा आली तेव्हा म्हणाला, ते मालकिणीला विचारा. सही केली आणि त्याच क्षणी मी, कोणी दांडा न सोडता, फुस्स करून तळाला बसले. त्याचे गुडघे हनुवटीला लागले. यालाही हसा. पण हे घडलं.

दुसऱ्या दिवशी वसुलीबाई म्हातारीलाच घेऊन आली. म्हातारीनं काठी टेकवत सगळं दुकान पाहून घेतलं. तिला वाटेतच सगळं कळलं होतं. मीटरचंही.

"म्हणजे दुकान माझं?" तिनं विचारलं.

"कागदावर तुमचंच," बाई म्हणाली.

"आणि हा माझा नोकर."

"त्यानंच लिहून दिलंय. नोकर म्हटल्यावर सरकारला त्याचा पगार कापायचा हुकूम काढता येतो. मुलीचा हिस्सा आधी कापून कचेरीत भरायचा, मग उरलेला त्याच्या हातात. नाही कापलात तर दंड तुम्हाला."

"मला कशाला दंड," म्हातारी म्हणाली. "पगार मी चांगला ठरवते. कापायला बरं पडेल."

कात्रीशेठ तणतणला. म्हणाला, ते खोटं लिहिलं होतं, दुकान माझंच आहे. बाईनं फाईल उघडली. खोटं असेल तर तसं सांगा, म्हणाली. मग सरकारला खोटं लिहून दिल्याचा खटला वेगळा, आणि खुर्ची आजच उचलते.

त्यानं एकदा फाईलकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाला, नोकर तर नोकर.

म्हातारी माझ्यात बसली. आईगं, काय हलकी होती! "उभा काय राहिलास?" ती म्हणाली. "गिऱ्हाईक आलंय. आणि आधी या खुर्चीला तेल दे."

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी येते. पावडरचा डबा आता तिच्या मांडीवर असतो.

पहिला पगार कापला त्याच महिन्यात मुंगीला चष्मा आला. आजी तिला दुकानात घेऊन आली. फळी आता तिला लागत नाही, ती सरळ माझ्यात बसली. आरशात वरचा बंद पंखा बघितला आणि म्हणाली, "आजी, पंख्याला तीन पाती आहेत!" लहानपणी फळीवर बसायची तेव्हा बंद असला तरी तिला तो एकच गोल वाटायचा. आणि तेव्हा कात्रीशेठ पुढं आला, तिच्या कानामागं चष्म्याची काडी नीट बसवली आणि विचारलं, "आता बरं दिसतंय ना?"

मित्रांनो, मी खुर्ची आहे. वर्षभर तेल नाही मिळालं तर कुरकुरत थांबते. फाटले तर चिकटपट्टीवर भागवते. पोर थांबत नाही. डोळे बारीक करून, फळ्याला नाक लावून ते वाढतच राहतं. म्हणून ज्याचं पोर आहे त्यानं वेळेवर हात खिशात घालावा. नाहीतर सरकारनं घालावा, आणि चांगला कोपरापर्यंत घालावा.

आता काथ्या उधळायची गोष्ट निघाली होती म्हणून सांगून टाकते. पैलवान खरा. माझं आपोआप फुस्स होणंही खरं. फक्त ते चष्म्याच्या काडीचं मी पदरचं घातलं. कात्रीशेठ जागचा हललासुद्धा नाही. आमच्याकडे पाठ करून तो वस्तऱ्याला धार लावत उभा होता. पण मुंगी मैत्रिणींना ते तसंच सांगते, आणि मी तिला खोटं पाडणार नाही.